चौदाव्या सेकंदाला थांबलेला भूकंप

भूकंप न सांगता येतो असं लोक म्हणतात. आमच्या ऑफिसात तो निवडून आणावा लागायचा, आणि निवडायला आठ-आठ दिवस जायचे.

आमचं ऑफिस म्हणजे अंधेरी पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतला दुसऱ्या मजल्यावरचा एक गाळा. खाली प्लॅस्टिकची झाकणं पाडणारं युनिट होतं आणि त्याचा वास आमच्या ड्रॉइंगांना कायमचा चिकटलेला असायचा. आम्ही पाच जण आणि सर. काम एकच, काँक्रीटच्या इमारतींचं गणित करायचं. खांब किती जाड, तुळया किती खोल, आत लोखंड किती. साध्या बिल्डिंगला भूकंपाचा जोर एका सूत्रातून काढतात आणि मोकळे होतात. पण बिल्डिंग उंच असली, खाली पार्किंगसाठी नुसते खांब सोडलेले असले, की तेवढ्यावर भागत नाही. मग अख्खी बिल्डिंग कॉम्प्युटरात उभी करायची आणि तिच्या पायाखाली खरोखर होऊन गेलेला एखादा भूकंप सोडायचा. जगात कुठेतरी जमीन हादरली, तिथल्या यंत्राने ती क्षणाक्षणाला किती हादरली ते नोंदवून ठेवलं, ती नोंद. मुंबईकडे या कामाला पुरेल अशी स्वतःची नोंद नाही, म्हणून दुसऱ्यांची उसनी आणायची.

एक आणून चालत नाही. सात आणले तर सातांची सरासरी धरायची मुभा असते. कमी आणले तर त्यातला सगळ्यात वाईट धरावा लागतो. साहजिकच सगळे सात आणतात. सर त्यांना पाहुणे म्हणायचे. "काय गं, पाहुणे कोण कोण बोलावलेस?" असं दुपारी चारच्या चहाला विचारायचे, आणि मग आपली परीक्षा सुरू.

प्रत्येक भूकंपाचा आलेख लांब कागदावर छापून भिंतीवरच्या बोर्डाला टाचणीने लावायचा, हा आमच्याकडचा नियम. मग सगळ्यांसमोर उभं राहून त्याची ओळख करून द्यायची. हा कुठला, केवढा होता, यंत्र त्याच्यापासून किती लांब होतं, यंत्राखाली खडक होता की चिखल. यादीतला नुसता नंबर सांगितला तर सर चहाचा कप खाली ठेवायचे. "ज्याची ओळख नाही त्याला लोकांच्या घरात सोडतेस?" एवढंच म्हणायचे आणि परत जागेवर पाठवायचे. त्या वर्षांत घरी मावशी माझ्यासाठी स्थळं बघत होती आणि ऑफिसात मी बिल्डिंगांसाठी भूकंप बघत होते. चौकशी दोन्हीकडे तीच. मावशीच्या एकाही स्थळाचं जमलं नाही, ते बरंच झालं.

तेव्हा मला या सगळ्याचा भयंकर वैताग यायचा. आता मी जिथे काम करते तिथे प्रोग्रॅम दोन मिनिटांत सात भूकंप निवडून हातात देतो. कोणी उभं राहत नाही, कोणी विचारत नाही, चहासुद्धा ज्याचा त्याने मशीनमधून घ्यायचा. मला त्या बोर्डाची, त्या टाचण्यांची, कडा वळलेल्या कागदांची इतकी आठवण येते की कधीकधी समोरच्या पोरांवर उगाच खेकसते. त्या बिचाऱ्यांचं काय चुकलं?

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला, खाडीच्या अंगाला. चार मजले, लिफ्ट नाही, आम्ही सगळ्यात वर. बाबा गिरणीत साच्यावर होते, म्हणजे कापडाचे माग चालवायचे. परळच्या खोलीतून आम्ही इथे आलो तेव्हा मी पाच वर्षांची होते. त्या जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी जमीन दर दोन-तीन वर्षांनी खचायची. पायरी आणि जमीन यांच्यात हात जाईल एवढी फट पडायची, मग एखाद्या रविवारी बाबा घमेल्यात सिमेंट कालवून ती बुजवायचे आणि आम्ही पोरं ओल्या सिमेंटवर बोटं उमटवायचो. आई ओरडायची. जमिनीखाली काय आहे हे मला तेव्हापासून माहीत होतं, कॉलेजात जाऊन शिकायची गरज नव्हती.

आई त्याच घरात गेली. त्यानंतर काही वर्षांनी स्लॅबमधून लोखंड दिसायला लागलं, आणि सोसायटीने बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरवलं. सगळे भाड्याच्या घरांत पांगले. मी आणि बाबा घाटकोपरला आलो. बाबा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते.

त्या भाड्याच्या घरात बाबा पाहुण्यासारखे राहिले. मोतीबिंदूचं ऑपरेशन घर झाल्यावर. नवा चष्मा घर झाल्यावर. कपाटातली अर्धी भांडी खोक्यातच, घर झाल्यावर काढू. सकाळी नाश्ता झाला की बस पकडून मुलुंडला जायचे आणि आमच्या प्लॉटसमोरच्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर बसायचे. दुपारी जेवायला परत. मी घरी आले की दिवसाची बातमी. "आज पत्रे मारल्यानी." "आज जेसीबी इलो." एकदा मी म्हटलं, बाबा, इथे काय वाईट आहे, हवा आहे, बाजार खाली आहे. तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मरतलंय तर आपल्या घरात मरतलंय. हयसर नाय." त्यांनी एवढं सरळ कधी काही मागितलं नव्हतं. मला रडायला आलं आणि मी भांडी घासायला निघून गेले.

आणि नेमकं त्या नव्या बिल्डिंगचं काम तपासायला आमच्याच ऑफिसात आलं. एकवीस मजले, खाली पार्किंग. डिझाइन दुसऱ्यांचं होतं, आम्ही भूकंपाची तपासणी करून सही द्यायची होती. सरांनी विचारलं, "तुझं घर आहे. दुसऱ्याला देऊ का?" हो म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "नको सर, मीच करते." मला वाटलं, दुसरा कोणी घोळ घालत बसेल, मी केलं तर लवकर उरकेल. खरं सांगायचं तर मनात तेवढंच होतं.

सात पाहुणे बोर्डावर लावले. सातवा लांबून आलेला होता. परदेशातल्या एका समुद्रकाठच्या भरावावरच्या यंत्राने नोंदवलेला, संथ, लांबलचक, जमीन एका बाजूला ओढून नेणारा. सरांनीच विचारलं होतं की खाडीकाठच्या चिखलासारखी जमीन असलेलं कोणी बोलावलंस का, म्हणून तो शोधून आणला होता. सरांना आवडला. मी कामाला लागले.

पहिले सहा झकास चालले. बिल्डिंग डोलली, काही तुळयांना तडे गेले, तेवढे जाणं अपेक्षितच असतं. सातवा चौदाव्या सेकंदाला थांबला. स्क्रीनवर लाल अक्षरांत आलं की पुढचं उत्तर सापडत नाही. परत लावला. परत चौदावा सेकंद.

शेजारच्या टेबलावरचा माझा मित्र बघायला आला. तो आमच्यात कॉम्प्युटरचा पंडित. "सॉफ्टवेअरची वाट लागलीय यार. पावलं बारीक कर ना." म्हणजे सेकंदाचे आणखी बारीक तुकडे पाडून चालवायचं. पाडले. रात्रभर चालू ठेवलं, सकाळी येऊन बघते तर चौदावा सेकंद. "मग डेटाच खराब असेल. सोड ना, दुसरा घे." आमच्या धंद्यात हे सगळे करतात. गणित अडकलं की दोष यंत्राचा. मीही तोवर चार-पाच वेळा केलं असेल आणि मला कधी काही वाटलं नव्हतं.

मी दुसरा घेतला. तोही मऊ जमिनीवरचा, कागदावर अगदी बसणारा, फक्त आखूड आणि सभ्य. चाळीस मिनिटांत चालून मोकळा. सातांची सरासरी काढली, बिल्डिंग पास. रिपोर्ट बांधून सरांच्या टेबलावर ठेवला आणि संध्याकाळी बाबांना सांगितलं की पुढच्या महिन्यात पायाचं काम सुरू होईल. बाबांनी त्या दिवशी स्वतः बाजारात जाऊन बांगडे आणले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता सर चहाचा कप घेऊन बोर्डापाशी उभे राहिले. मग म्हणाले, "हा सातवा नवीन दिसतो. आधीचे पाहुणे कुठे गेले?"

"सर, त्याचा डेटा खराब होता."

"कुठे खराब होता?"

"चौदाव्या सेकंदाला थांबतं."

"तेराव्या सेकंदाला काय दिसतं ते बघितलंस?"

बघितलं नव्हतं. कोण बघतं? सरांनी खुर्ची ओढली, आणि मी त्यांच्यासमोर फाइल उघडली. पार्किंगचे खांब दहाव्या सेकंदाला झुकायला लागलेले. अकराव्याला आणखी. एकदा झुकले ते परत सरळ झालेच नाहीत, प्रत्येक हेलकाव्याला त्याच बाजूला थोडे थोडे पुढे. वरचे एकवीस मजले मात्र ताठ, एक तडा नाही. तेराव्या सेकंदाला खांबांची डोकी पायापासून इतकी सरकलेली की पुढे गणित करायला उभं असं काही राहिलंच नव्हतं.

"मशीन थांबलं नाही," सर म्हणाले. "तुझी बिल्डिंग पडली."

माझं डोकं सटकलं. मी चक्क भांडले. म्हटलं, सर, बाकीचे सहा पास आहेत. नवा सातवासुद्धा नियमात बसतो. दुसरं कुठलंही ऑफिस हेच करेल आणि कोणी विचारणार नाही. या बिल्डिंगसाठी चाळीस घरं भाड्याने राहतायत. त्यात माझे बाबा आहेत, ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, तुम्हाला काय जातंय असं म्हणायला. हे शेवटचं वाक्य मी खरंच बोलले. मित्राने हेडफोन काढून ठेवले होते, सगळं ऑफिस ऐकत होतं.

सर चिडले नाहीत. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी माझ्याच वहीतलं एक कोरं पान फाडून माझ्यापुढे ठेवलं. "त्या जमिनीवर तू वाढलीस, मी नाही. असा पाहुणा तिथे येणार नाही, एवढं लिहून दे. मी आत्ता सही करतो."

मी पेन उघडलं. मला ते लिहायचं होतं, देवाशपथ. पण डोळ्यांपुढे आली ती जिन्याची पायरी आणि बाबा घमेलं घेऊन उकिडवे बसलेले. दर दोन-तीन वर्षांनी सिमेंट खाणारी जमीन ती. तिच्यावर तो येणार नाही असं मी कुठल्या तोंडाने लिहिणार होते? मी पेन बंद केलं. सरांनी माझा चहा पुन्हा गरम करायला सांगितला.

पुढचं सगळं कागदावर सोपं आहे. पार्किंगमध्ये काँक्रीटच्या भिंती घालायच्या, पाया वाढवायचा, नवे नकाशे, नव्या मंजुऱ्या. वर्ष गेलं. पूर्ण एक वर्ष.

सोसायटीची मीटिंग एका शाळेच्या वर्गात झाली, पोरांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. मी उभी राहून सांगितलं. एक काका म्हणाले, "अगं, मुंबईत कधी आलाय भूकंप?" दुसऱ्या काकू, ज्यांनी मला लहानपणी न्हाऊ घातलंय, त्या म्हणाल्या, "परक्याने केलं असतं तर समजलो असतो. घरच्या पोरीने घर अडवलं." बाबा मागच्या बाकावर होते.

दोन दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. मुलुंडलाही गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी डबा भरत होते तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "झाला काय ता नीट सांग." मी सांगितलं. सात भूकंप, सातवा थांबला, मला वाटलं कॉम्प्युटर बिघडला. ते मध्येच हसले. "नवो माणूस साच्यार इलो की ह्याच करता. साचो थांबलो की साच्याक गाळी. अरे, सुताची तार तुटली म्हणान तो थांबलो. तार खंय तुटली ती बघूची."

"तुम्ही पण शिव्या घालायचात?"

"वर्षभर घातलंय," म्हणाले, आणि डबा माझ्या हातात दिला. मग जाता जाता म्हणाले, "पण एक वर्ष लय झाला गो." तक्रार नव्हती त्यात. मोजून सांगितल्यासारखं सांगितलं. तक्रार असती तर मी सहन केली असती.

काही महिन्यांनी भिंती घातलेली बिल्डिंग मी पुन्हा कॉम्प्युटरात उभी केली आणि तोच सातवा तिच्याखाली सोडला. चौदावा सेकंद गेला. पंधरावा गेला. मी खुर्चीच्या कडेवर बसून होते. चाळीस सेकंद तो पूर्ण चालला आणि बिल्डिंग हेलकावे खात खात सरळ उभी राहिली. सर मागे येऊन उभे होते, मला पत्ता नाही. माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं आणि गेले. त्या माणसाने आयुष्यात मला दिलेली शाबासकी ती एवढीच.

त्या रविवारी मी लॅपटॉप घरी आणून बाबांना दाखवलं. स्क्रीनवर नुसत्या रेघा, एकवीस मजल्यांचा सांगाडा, तो डावीकडे-उजवीकडे झुलतोय. बाबा मोतीबिंदूचे डोळे स्क्रीनला टेकवून बघत होते.

"इतकी हलतली?"

"नाही बाबा. दिसावं म्हणून वाढवून दाखवलंय."

"आपला घर खंय?"

मी मजले मोजून चौथा दाखवला. नव्या बिल्डिंगमध्ये बाबांनी हट्टाने चौथाच मागून घेतला होता. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि बोट न उचलता बिल्डिंगबरोबर हात इकडे-तिकडे नेत राहिले, थांबेपर्यंत. मग म्हणाले, "परत लाव." मी तीनदा लावलं.

बाबा घाटकोपरच्या भाड्याच्या घरात गेले. त्यानंतर सात महिन्यांनी आम्हाला चावी मिळाली. ते एक वर्ष गेलं नसतं तर त्यांना आपल्या घरात पाच महिने मिळाले असते. हे गणित मी कितीदा केलंय ते विचारू नका. प्रत्येक वेळी पाचच येतात.

मी आता त्याच घरात राहते. काकू तिसऱ्या मजल्यावर असतात, आम्ही बोलतो, भाजी देतो-घेतो. गेल्या वर्षी जिन्यात भेटल्या तेव्हा सहज म्हणाल्या, "आला नाही गं तुझा तो भूकंप अजून." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, नुसती चेष्टा. मीही हसले, घरी आले, दार लावलं आणि तिथेच दाराला टेकून बसले. नाही आला. बाबांचे पाच महिने मी कशासाठी घेतले त्याचा पुरावा फक्त त्याच्याकडे आहे. आणि रोज सकाळी दिवा लावताना मी एकच मागते, की तो पुरावा मला कधीही मिळू नये.